चाळीस टक्क्यांच्या वर

दि. ८ डिसेंबर २०२४
तांडा, ता. दिग्रस

आदरणीय उज्ज्वलाताई,
सप्रेम नमस्कार.

वणीची बदली मानवली का? तिथल्या कोळशाच्या धुळीनं तुमचा खोकला वाढला असेल, म्हणून आमच्या सासूबाईंनी ओवा भाजून दिलाय. पुडी सोबत आहे. इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुरीला शेंगा धरल्या. तुमच्या जागी शाळेत अजून कोणी विशेष शिक्षिका आल्या नाहीत.

फोनवर मी तुम्हाला दोनदा सांगितलं, सुरभी मजेत आहे. तुम्ही म्हणालात, "दे तिला फोन." मी म्हणाले, झोपलीय. ती माझ्या शेजारीच बसली होती. जागी होती.

आधी चांगली बातमी. सुरभीचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं. पंच्याहत्तर टक्के. तुम्ही ज्या निवासी कार्यशाळेबद्दल सांगितलं होतं, तिथे चौदाव्या वर्षी घेतात आणि पुढे आयुष्यभर ठेवतात. पण कागद चाळीसच्या वरचा लागतो. तो आता आहे.

जूनमध्ये यवतमाळला पहिल्यांदा नेलं, तेव्हाचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरबाईंनी नाव विचारलं, तर पोरगी उभी राहून बोबड्या बोलात म्हणाली, "सुलभी शाम आडे." दहापर्यंत आकडे म्हटले, फ्रॉकची बटणं लावून दाखवली, जाताना नमस्कारही केला. "अरे वा, हुशार आहे की!" बाई हसल्या. मीही हसले. बाहेर तिला जिलेबी घेऊन दिली. महिन्यानं कागद आला, चाळीसच्या खालचा.

सासूबाई म्हणाल्या, "तुयी बी. ए. कायच्या कामाची वो? काहून इतकं बोलू देलं तिले? गप बसवाचं होतं!"

मी किती भांडले त्यांच्याशी! आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. अख्ख्या तांड्याचे अर्ज मी भरते, एकात खोटं लिहिलं नाही. म्हणाले, माझी मुलगी जे शिकली ते तिचं आहे, कागदासाठी मी ते लपवणार नाही.

सेवादास तुम्हाला आठवत असेल. समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचा, तुमची गाडी दिसली की टाळ्या वाजवायचा. चाळिशीचा आहे, पण समज सुरभीएवढीच. उन्हाळ्यात त्याची आई गेली. आता वेचणीच्या दिवसांत त्याची भावजय कौसल्या त्याचा पाय दोरीनं लिंबाला बांधून शेतात जाते. जवळ भाकर आणि पाण्याची बाटली ठेवते. मी तावातावानं गेले तिच्याकडे. ती काही वाईट बाई नाही, ताई. म्हणाली, "परवा रोडवर गेलता, ट्रकखाली येता येता वाचला. तू बसतं का त्याच्यापाशी दिवसभर? बस. मी आताच दोरी सोडतो."

मी बसले नाही. माझीही वेचणी होती. त्याची बाटली भरून दिली आणि गेले.

त्या दिवशी कापूस वेचताना मला सेवादास दिसत नव्हता. सुरभी दिसत होती, चाळीस वर्षांची.

फेरतपासणीची तारीख नोव्हेंबरची मिळाली. आता जे लिहिते ते शाम यांनाही पूर्ण माहीत नाही.

तुमची टिकलीची रीत होती ना, बरोबर उत्तर दिलं की मनगटावर लाल टिकली. दीड वर्ष आपण दोघींनी तिला तसंच शिकवलं. मी तेच पाकीट काढलं. "नाव काय?" विचारायचं, आणि ती गप्प राहिली तरच टिकली लावायची. पहिल्या दिवशी तिला कळेना. नाव सांगायची आणि हात पुढे करायची. मी टिकली लावायची नाही. मग ती आणखी मोठ्यानं सांगायची. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी रडली. चौथ्या दिवशी शिकली.

बोलायला दीड वर्ष. गप्प बसायला चार दिवस.

तपासणीला या वेळी त्याच डॉक्टरबाई नव्हत्या, दुसऱ्या होत्या. त्यांनी नाव विचारलं. सुरभीनं ओठ आत ओढून घेतले. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, इतकं दाबून धरलं तिनं. बाईंनी आकडे विचारले, रंग विचारले, बटण लावायला सांगितलं. प्रत्येक वेळी ती गप्प राहिली आणि मनगट माझ्यापुढे धरलं.

"काय मागतेय ती?" बाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम. अशीच करते," मी म्हणाले.

घरी येऊन म्हटलं, आता बोल बेटा. तिनं ओठ मिटून हात पुढे केला. मी पाकीट चुलीत टाकलं. त्याला तीन आठवडे झाले. नाव नाही, आकडे नाहीत. मला याडी म्हणायची, आमच्यात आईला म्हणतात तसं. तेही नाही. तहान लागली तरी नुसती माठाजवळ जाऊन उभी राहते. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "मी बोलली होती, पन असं नव्हती बोलली."

तुम्ही म्हणाल, कागद परत कर, खरं सांगून टाक. ताई, मी तो परत करणार नाही. रोज एकदा काढून वाचते आणि पुन्हा ठेवते. उद्या हीच वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन, हे मला कळतं, आणि म्हणून तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही.

पण नाताळच्या सुटीत याल का? दोन दिवस तरी. सुरभीला तुमच्यापाशी सोडून मी शेतात जाईन, संध्याकाळपर्यंत येणार नाही. मी समोर असले की ती तोंड उघडत नाही. तुम्ही एकट्याच विचारा तिला, नाव काय म्हणून. सांगितलं, तर मला निरोप पाठवू नका. ते ऐकायला मी लगेच धावत येईन, आणि मला पाहून ती पुन्हा गप्प होईल.

तुमच्या विश्वासाला न जागलेली,
वर्षा