पहिल्या नंबरची चिठ्ठी

ढोकी, ४ मार्च १९८३

चि. सत्यभामास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

इकडं सर्व क्षेम, असं लिहायची सोय राहिली न्हाय. परवा दूध सोसायटीच्या कडबावाटपाच्या सभेत तुझ्या बापानं हजेरीवर अंगठा उठवला. अख्ख्या गावाला सही गिरवायला लावणारा माणूस! बोलणंबी बोबडं. चेअरमन आण्णासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, पिराजी पिऊन आलाय. पाव तासानं दादा घरी भाकरी मोडत बसलेला, जसं काही झालंच न्हाय. म्हणाला, पेन बिघडलं होतं. पेन माझंच होतं, चांगलं चालतंय. बाटलीचा नाद लागला का, तूच विचार.

तुझा काका,
मच्छिंद्र

सोलापूर, ७ मार्च

ती. काकांना सविनय जयभीम.

दारू पाव तासात उतरत नाही. हात आणि वाचा अचानक गेली आणि तशीच परतली, तर मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं असावं. अशा माणसाला मागाहून मोठा झटका येऊ शकतो. मी ज्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे तिथं मेंदूचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात आणि गावोगावच्या चिठ्ठ्या वाचून आधी कुणाला बघायचं ते स्वतः ठरवतात. तुमचं वर्णन मी नाव झाकून दाखवलं. त्यांनी त्यावर पहिला नंबर घातला. ती चिठ्ठी सोबत एस.टी.च्या कंडक्टरकडे देते. बाबांनी पेनाचं खोटं का सांगितलं, हे मला जास्त खटकतं.

लोभ आहेच, या गुरुवारी तो बाबांना गाडीत बसवून दाखवावा.

आपली,
सत्यभामा

ढोकी, ११ मार्च

चि. सत्यभामास जयभीम.

काल येऊन गेलो. तू आत यंत्रापाशी होतीस, हाक मारली न्हाय. बाकावर कुणाचं तोंड वाकडं, कुणी पाय ओढत आलेलं, आणि मी धडधाकट एक नंबरला! लेकीचा वशिला, दुसरं काय? याच गोष्टीवरून मी आण्णासाहेबांशी भांडतो. चिठ्ठी येडशीच्या गजराबाईला दिली. तिचं अर्धं अंग तीन महिने लुळं आहे. मला काही झालेलं न्हाय. तू लग्नाचं मनावर घे.

तुझे बाबा

सोलापूर, १४ मार्च

ती. बाबांना जयभीम.

गजराबाईंचं जे जायचं ते गेलं आहे. त्यांना आठवड्यानं बघितलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही धडधाकट आहात, म्हणूनच तुमचा नंबर पहिला होता. वशिला लावला असता तर मी तुम्हाला तसं सांगितलं असतं.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. ‘आण्णासाहेबांशी’पर्यंत अक्षर तुमचं आहे. त्यापुढचं काकांचं. मध्ये काय झालं, ते दोघांनीही लिहिलेलं नाही.

अक्षराचं हे सांगितल्यावर डॉक्टरांनी गुरुवारची वाट बघू नका म्हणून कळवलं आहे. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, घेऊनच निघाले आहे. वाचून झालं की चप्पल घाला.

सत्यभामा