कल्हई गेलेलं पातेलं

माय, तुझा संशयी स्वभाव माझ्यात उतरला आणि आता त्याच्यावरच माझं पोट चालतं, हे कळलं असतं तर तू हसली नसतीस. आधी माझी उलटतपासणी घेतली असतीस. धुळ्यातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला ते वर्ष, मी नववीत. पितळी पातेल्यात तापवलेलं दूध रोज नासतंय. सायकलला कॅन लावून येणाऱ्या म्हाताऱ्या दूधवाल्याला तू दारातच धरतेस. "आबा, दूधमा काय टाकतस तुम्ही?" तो म्हणतो, "काहीच नही टाकस, अक्का. तुमनं पातेलं दखा एकदाव." झालं! "मना पातेलाले नाव ठेवतस?" दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध बंद. नव्या माणसाचंही दूध नासलं, तेव्हा तू गुपचूप पातेल्याला कल्हई करून आणलीस आणि नासणं थांबलं. म्हाताऱ्याला मात्र परत बोलावलं नाहीस. गल्लीत त्याची घंटी वाजली की तू आत जायचीस. मला तुझा फार राग यायचा.

आता माझं काम ऐक. विश्व तान्हं होतं, तारे नुकते पेटत होते, तेव्हाच्या हायड्रोजनची क्षीण खूण आम्ही अँटेना लावून शोधतो. विश्वात न दिसणारं एक द्रव्य आहे, कृष्णद्रव्य. नुसत्या गुरुत्वाच्या ओढीवरून कळणारं. ते हायड्रोजनला धडकून त्याची ऊब काढून घेत असेल, तर ती खूण, म्हणजे आलेखातला खड्डा, नेहमीच्या हिशेबापेक्षा खोल दिसायला हवी, असं माझं गणित. यंदा ती तशीच दिसली. सगळे पेढे मागतात. मला वाटतं, पाणी कुठंतरी मुरतंय. इतकं मनासारखं उत्तर मला पचत नाही. मी त्याच लहरींवर वाजणाऱ्या एफएम केंद्रांवर संशय घेतला, अँटेनाखालच्या जमिनीच्या ओलीवर घेतला, सहकारिणीच्या आकडेमोडीवर घेतला. तिला चारचौघांत तोडून बोलले. ती शांतपणे म्हणाली, "एकदा अँटेना बदलून बघू या का?"

अँटेना माझी आहे, माय. कित्येक वर्षं खपून मी घडवलेली. दुसरी, वेगळ्या घडणीची, खोक्यात तयार आहे. खूण खरी असेल तर तिच्यावरही दिसेल. नाही दिसली तर खोट माझ्या अँटेनात, आणि माझं गणितही नासलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. मी सहकारिणीला म्हटलं, पाऊस संपला की बदलू.

पाऊस केव्हाच संपलाय.