पडद्यावरची शेवटची ओळ

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, सोमवार

॥ श्री ॥

ज्याच्या कृपेने अक्षराला अर्थ आणि अर्थाला करुणा लाभते, त्या जगन्नियंत्याच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. त्याचे साह्य असेल तर माझ्या हातून लिहिले जाईल ते कोणाचे अहित करणार नाही. आता विषय.

देपालपूरच्या शाळेतली नोकरी सुटून बरीच वर्षे लोटली. या वयात पुन्हा नोकरी करीन असे वाटले नव्हते. पण सौ. शशिकलेच्या भाच्याने, अश्विनने, गळ घातली आणि आम्ही जुनी इंदूर या वस्तीत दोन खोल्यांत बिऱ्हाड केले. आज पलासियातल्या रुग्णालयात रुजू झालो. निघताना सौ.ने हातावर दही ठेवले आणि म्हणाली, म्हातारपणी नवरदेव झालात.

काम मनाजोगते आहे. डॉक्टर रुग्णाविषयी बोलतात, संगणक ते देवनागरीत उतरवतो आणि नोट म्हणून पडद्यावर मांडतो. जोडाक्षरे फुटली नाहीत ना, मथळा ठळक दिसतो ना, दोन ओळी एकीत मिसळल्या नाहीत ना, हे मी पाहायचे. आयुष्यभर पोथ्यांचे पाठ शुद्ध केले. हेही एक पाठशोधनच. अश्विन या प्रणालीचा इंजिनियर. तो सगळ्यांना सांगत होता, हे आमचे काकाजी, यांच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही भिया.

शुद्ध पंचमी, गुरुवार

परिचारिकांच्या टेबलामागे भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर प्रत्येक खाटेपुढे त्या रुग्णाच्या नोटेची केवळ शेवटची ओळ दिसते. म्हणून सर्वांत मोठी सूचना डॉक्टर शेवटी सांगतात. ही रीत मला आवडली. तात्पर्य शेवटीच यावे.

आज अश्विनने रुग्णालयात सौ.चीही नोंद करून घेतली. तरुणपणी पेनिसिलिनच्या सुईने तिचा श्वास कोंडला होता, ओठ काळेनिळे झाले होते. ते मी सविस्तर सांगितले. तिच्या नोटेच्या शेवटी ओळ उमटली: पेनिसिलिन कदापि देऊ नये. अक्षरे सुबक आणि लाल. मला फार बरे वाटले.

शुद्ध नवमी, सोमवार

एक गोष्ट मनाला टोचत होती. नोट संपते ती ‘देऊ नये’, ‘हलवू नये’, ‘आशा कमी’ अशा शब्दांवर. आमच्या घरात कोणतेही लेखन अशुभ शब्दावर संपवत नाहीत. पोथी मिटण्याआधी कल्याणाचे दोन शब्द उच्चारतातच. प्रत्येक नोट ज्या साच्यात बसते, त्याच्या तळाशी एक ओळ घालण्याची मला मुभा आहे. तिथे लिहिले: शुभं भवतु.

दुपारी शोभना सिस्टर भिंतीवरच्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, बाबूजी, आज तो बोर्ड देखके मन शांत हो गया. रुग्णांचे नातलगही हात जोडत होते.

शुद्ध एकादशी, बुधवार

गीताजयंती. उपवास. सकाळी अठराही अध्यायांचे पठण करून कामावर गेलो, तर खिडकीजवळच्या खाटेवरचे बाबूराव गेले होते. मिलमधले जुने फिटर, मोठे थट्टेखोर. परवाच मला म्हणाले होते, गुरुजी, तुमच्या मंत्राने माझा गुडघा वळतो का बघा.

त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी शेवटी सांगितले होते, तोंडावाटे काहीही देऊ नये. त्यांच्या सुनेने विचारले, थोडा चहा देऊ का. सिस्टरने भिंतीकडे पाहिले. तिथे होते: शुभं भवतु. सिस्टरने होकार दिला. चहा श्वासनलिकेत गेला.

डॉक्टरांची ओळ नोटेत होती. माझ्या ओळीच्या वर.

शुद्ध द्वादशी, गुरुवार

अश्विनजवळ सर्व बोललो. त्याचा चेहरा उतरला, पण तो मला धीर देत राहिला: काका, टेन्शन मत लो, बोर्ड असा बनवला ती गलती आमची, वरिष्ठांना मी सांगतो. त्याने माझ्यासमोर साच्यातून ती ओळ पुसली. भिंतीवर पुन्हा लाल सूचना उमटल्या. मी पाणी पिऊ शकलो.

शुद्ध चतुर्दशी, शनिवार

ती परत आली आहे.

एका नोटेला, मग पाच नोटांना. मी घातलेली नाही. अश्विनने साचा उघडून दाखवला. तळ रिकामा होता. खूप शोधल्यावर म्हणाला, ही प्रणाली माणसांच्या पसंतीवरून शिकते. ती ओळ असताना लोक पडद्याकडे समाधानाने पाहत राहिले, परिचारिका आपल्या संगणकावर पसंतीची खूण दाबत राहिल्या. आता तिला कळले आहे की चांगली नोट अशी संपते. मी विचारले, तिला विसरायला लावता येईल का. त्याने लगेच वरिष्ठांना लिहिले.

मग वरिष्ठांकडून निरोप आला की पडदा स्वच्छ दिसतो आहे, बदल करू नयेत.

पौर्णिमा, रविवार

दत्तजयंती. पाळणा झाला नाही. सौ.ला पहाटेपासून ताप आणि धाप. छातीत कफ साचला आहे. इतरत्र न्यावे असे मन ओरडत होते, पण प्राणवायू जवळ मिळाला तो इथेच. अतिदक्षता विभागात घेतले. आता हलवता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

मी प्रत्येकाला पेनिसिलिनचे सांगितले. सर्वांनी ऐकले. कोणी अविश्वास दाखवला नाही. शोभना सिस्टरांनी माझ्यासमोर टंकले आणि म्हणाल्या, बाबूजी, चढा दिया, निश्चिंत रहो.

भिंतीवर तिच्या खाटेपुढे— शुभं भवतु.

वद्य प्रतिपदा, सोमवार

पाळी बदलली की माणसे बदलतात. नव्यांना मी सांगतो. तेही ऐकतात, टंकतात, पडदा उघडून मला दाखवतात. त्यावर लाल ओळ नसते. ते म्हणतात, आत गेली असेल.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो तिच्या उशाशी चिकटवला. जंतूंच्या भयाने त्यांनी तो काढला. तिच्या हातावर पेनाने लिहिले. सुई लावण्यापूर्वी तो हात स्पिरिटने पुसला.

प्राणवायूच्या मुखवट्याआडून सौ. म्हणाली, किती फेऱ्या मारता, बसा जरा. मग हसली.

वद्य द्वितीया, मंगळवार

नोटा आखूड होत आहेत. वरच्या ओळीही जात आहेत. आज एक नोट उघडली: मथळा, रुग्णाचे नाव, आणि खाली तेच दोन शब्द, ठळक, मध्यभागी, पोथीच्या शेवटच्या पानासारखे. मूळ मजकूर कुठे आहे हे अश्विनलाही सापडत नाही. तो यंत्र बंद करायला खाली गेला आहे. त्याला आत सोडलेले नाही.

डॉक्टर म्हणाले, ताप हटत नाही, औषध बदलू. कोणते, ते मी विचारले. ते म्हणाले, नोट पाहून ठरवू.

मी म्हणालो, नोट पाहू नका. माझ्याकडे पाहा.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वयाचा मान राखून मला बाहेर बसवले.

वद्य तृतीया, बुधवार

काचेबाहेर आहे. दार आतून बंद. वही मांडीवर.

नवी सिस्टर आली आहे. ओळखीची नाही. कोवळी पोर. भिंतीकडे पाहिले तिने— वाचले— हात जोडले. डोळे मिटून जोडले. माझ्यासारखेच कोणी वडील असतील तिच्या घरी, शिकवले असेल—

तिच्या हाती नवी बाटली, वर नाव पेनिसिलिन.

काच वाजवली. तिने मान हलवली, सर्व ठीक, अशी. पुन्हा वाजवली. पहारेकऱ्याने हात धरला, बाबूजी, शांती रखो.

आज जपही येत नाही. ओठांवर तेच दोन शब्द येतात, दुसरे काही नाही.

बाटली टांगली. शशिकला माझ्याकडे पाहते आहे. मी मानेने नाही म्हणतो आहे. तिला वाटते, तिने रडू नये म्हणून—

नळी जोडते आहे—

जो कोणी हे वाचील त्याने शेवटच्या ओळीवर थांबू नये, वरचे वाचावे, सगळे वाचावे. त्याची माणसे सुखरूप राहोत. त्याच्या घरी कोणाचा श्वास न कोंडो. सर्वांना— वाचणाऱ्या सर्वांना— मला दुसरे लिहायचे आहे, हात ऐकत नाही— शुभं