तिचं दुखलं, माझं नाही

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडल्यापासून तू अबोला धरलायस, तरी लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहू?

माझी ती, शिवणवर्गातली, दवाखान्यात आहे. ताप, ओटीपोटात कळा, अंगावरून जाणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संबंधांतून येणारे जंतू आहेत, जोडीदारालाही तपासा. जोडीदार म्हणजे मी! मला साधी जळजळ नाही, ताई. मग तिला आलं कुठून? डोकंच फिरलं. भर वॉर्डात, शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत असताना विचारलं, दुसरा कोण? तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणजे खरंच ना? तू प्रयोगशाळेत दिवसभर जंतूच वाढवतेस. खरं काय ते सांग, मग तिचं नाव टाकतो.

रागावली असलीस तरी लोभ ठेव.

तुझा उनाड भाऊ

९ मार्च

चि. उनाडास,
अ. आ.

डोकं आहे की काडेपेटी? आधी तिची माफी माग.

एकाच जंतूचे निरनिराळे वाण असतात. काही आल्या आल्या आग लावतात, काही वर्षानुवर्षं गुपचूप बसतात. शिवाय अंगाअंगात फरक. पुरुषाला तर पुष्कळदा पत्ताच लागत नाही. जळजळ नाही म्हणजे तू स्वच्छ, हे कुणी शिकवलं तुला?

आता माझं ऐक. माझ्या दोन्ही गर्भनळ्या बंद झाल्यात. मूल होणार नाही, म्हणतात. मला कधी कळ नाही, ताप नाही. माझ्या वाट्याचा वाण मुका होता, की माझं अंगच मुकं, कोण जाणे. तिचं दुखलं, म्हणून वेळेवर औषध तरी मिळालं.

तुझ्या भाऊजींना तपासणीला चला म्हटलं. म्हणाले, मला साधी जळजळ नाही. अगदी तुझेच शब्द. वर विचारलं, दुसरा कोण?

उद्याच्या उद्या तपासून घे. माया आटलेली नाही, पण तळ दिसायला लागलाय.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्यातही तेच जंतू निघाले. गोळ्या चालू आहेत. तिच्याआधी कॉलेजातली एक होती, तिलाही तपासायला कळवलं.

माफी मागायला तिच्या घरी गेलो. तुझं पत्रच पुढे केलं. तिनं उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं. तुझ्या नळ्यांपाशी थांबली, डोळे पुसले. मग तुझा पत्ता मागितला. मी दिला. पत्र घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

ती तुला लिहील. मला नाही लिहिणार.

तुला तिथून न्यायला येऊ का, एवढंच कळव. भाऊजींसमोर हात उचलणार नाही. त्यांना काय बोलू? त्यांचं सगळं मी आधीच बोलून बसलोय.

माझ्या वाटणीचा लोभ तिला दे.

तुझा भाऊ