चार खिडक्या, दोन लुगडी

॥ श्री ॥
तलासरी, ता. २ जून १९५७

ती. सौ. सुनंदावहिनींस,
लतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. प्रल्हादभाऊजींची बदली सुरतेजवळ उधन्याला झाली हे वाचून आधी वाईट वाटलं. मग पुढची ओळ वाचली आणि तशीच उठून घर झाडायला घेतलं. तिथलं क्वार्टर एका खोलीचं, म्हणून सासूबाई गणपतीनंतर आमच्याकडे येणार. रुळल्या तर इथेच राहणार, नाही तर पेणला आपल्या भावाकडे जाणार. वहिनी, मामंजी गेले त्या वर्षी त्या महिनाभर पेणला राहून आल्या होत्या. बारा माणसांचा स्वयंपाक करून त्यांच्या हातांची सालटी निघाली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा त्यांना पेणला जावं लागू नये, हे सगळं आता माझ्या या घरावर आलं आहे.

आणि घर कसं, तर शाळेच्या पाठीमागचं, कुडाच्या भिंतींचं. चार खिडक्या आहेत आणि एकीलाही पडदा नाही. मधल्या सुट्टीत शाळेतली मुलं गजांना नाकं लावून आमची आमटी कसली आहे ते बघतात. यांना सांगितलं तर म्हणाले, बघेनात का, आमटीत लपवण्यासारखं काय आहे! मास्तरांचं सगळंच असं.

भिंती मैना लिंपून देते. ही पाड्यावरची बाई, हात असा सफाईने फिरवते की बघत राहावं. एका भिंतीला मी चुना लावणार होते, पण तिने मला वेड्यात काढलं. पावसात पोपडे धरतील, दसऱ्याला लाव म्हणाली. मग मी पडद्यांचा विचार केला. इथल्या गुजराती दुकानदाराने सुरतेचं कापड दाखवलं, मोरपंखी, त्यावर हाताएवढी गुलाबाची फुलं. घेऊ का? माझं म्हणाल तर दोन सुती पातळं, एक अंगावर आणि एक दांडीवर. उन्हाळ्यात तेवढं पुरतं. सासूबाई येतील त्या दिवशी माहेरची रेशमी नेसावी असं मनात आहे. तुम्ही त्यांच्याजवळ नऊ वर्षं काढलीत, सांगाल तसं करीन.

लहान जावेवर लोभ आहेच, तो पावसाळ्यातही कोरडा ठेवावा ही विनंती.

आपली,
लतिका


॥ श्री ॥
डहाणू रोड, रेल्वे क्वार्टर्स
ता. १४ जुलै १९५७

चि. सौ. लतिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे पावसाने नुसता उच्छाद मांडला आहे. शेगडीवर टोपली पालथी घालून एकेक कपडा वाळवते. घरातल्या सगळ्यांना धुराचा वास येतो आणि तुझ्या भाऊजींच्या कोटाला सुक्या बोंबलाचा. पंधरा वर्षं पार्सल ऑफिसात मासळीच्या टोपल्या मोजल्यावर दुसरा कसला येणार? आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि कोट मात्र असा!

हाताएवढे गुलाब अजिबात घेऊ नकोस. सासूबाई दारातच विचारतील की नाटक कितीला सुरू होणार. रेशमी पेटीतच राहू दे. धुतलेलं सुती नेस, केस नीट बांध आणि घरात ओलं काही ठेवू नकोस, त्यांना तेवढंच लागतं. घर नीटनेटकं असलं की सजलेलंच असतं, हे त्यांचंच म्हणणं.

पडद्यांचं मी बघते. माझ्याकडे मांजरपाटाचं अखंड ठाण आहे. धाकट्या डहाणूची कोळीण नवशी भाऊजींच्या ऑफिसात टोपल्या घेऊन येते, तिच्याशी बोलून ठेवलं आहे. हल्ली त्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या दिवसांत ते लोक ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळून जाळी आणि शिडं त्या काढ्यात बुडवतात, म्हणजे खाऱ्या पाण्याने सूत कुजत नाही. तुझ्या कापडाला एकच बुडी द्यायची, छान बदामी रंग येईल. मळ दिसणार नाही आणि दहा वर्षं फाटणार नाही.

आता सासूबाईंविषयी. त्या रागावल्या तर भांडत नाहीत, जेवत नाहीत, आणि ते जास्त वाईट. मामंजींच्या तेराव्याला त्यांनी आपणहून पांढरं लुगडं मागून घेतलं, तेव्हापासून पुढच्या खोलीत बसत नाहीत. आणखी एक लक्षात ठेव. त्यांची आत्या अकराव्या वर्षी विधवा झाली, तिचे केस काढले आणि तिला तांबड्या आलवणात गुंडाळून माजघरात बसवली, ती मरेपर्यंत. हे त्यांनी लहानपणी रोज पाहिलं. तो रंग दिसला की आजही तोंड फिरवतात. म्हणून भिंतींना गेरू लावू नकोस, शेणामातीच्या बऱ्या. त्यांच्यासाठी दोन नवी पांढरी लुगडी घेतली आहेत, ती गणपतीनंतर मागाहून पाठवते.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच. तेव्हा थोडीच कर. आमच्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझी,
सुनंदावहिनी


॥ श्री ॥
तलासरी, ता. ११ सप्टेंबर १९५७

ती. सौ. सुनंदावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी, हे तुम्ही काय केलंत?

सासूबाईंना येऊन आठ दिवस झाले होते आणि सगळं किती सुरळीत चाललं होतं! पहिल्या दिवशी त्यांनी घरभर फिरून पाहिलं, कोनाड्यात हात फिरवला आणि घर हवेशीर आहे म्हणाल्या. मी आनंदाने मोरीत जाऊन रडून आले. चौथ्या दिवशी त्यांनी मला मेतकूट शिकवायचं कबूल केलं.

सोमवारी एस. टी.तून तुमचं गाठोडं आलं. आपली नवी लुगडी आली म्हणून त्यांनी स्वतःच सोडलं. आत दोन लुगडी होती, नऊवारी, बिनकाठाची आणि तांबडी. वहिनी, आलवणाच्या रंगाची. मी चुलीपाशी होते. मला आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं, तर त्या लुगड्यावर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. मग त्यांनी दोन्ही नीट घडी करून दांडीवर ठेवली आणि यांना सांगितलं की पेणला लिहायला एक कार्ड आणून दे. तेव्हापासून अन्नाला शिवल्या नाहीत. दोन वेळा नुसता चहा घेतला आहे.

मी विचारलं तर म्हणाल्या की तुम्हा मुलांना जे योग्य वाटलं ते तुम्ही केलं, तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. यांच्या शाळेत तपासणी आहे, नाही तर हेच धावत आले असते. तुम्हीच मला लिहिलं होतंत की तो रंग त्यांना बघवत नाही, आणि तुम्हीच तो पाठवलात? भाऊजींचा किंवा तुमचा खरंच असा विचार असेल तर मी लहान आहे हे विसरून सांगते, माझ्या घरात हे चालणार नाही. त्यांनी कार्ड लिहून ठेवलं आहे. उद्या-परवा टाकतील. परतीच्या टपालाने उत्तर द्या.

राग आला म्हणून लोभ तोडायचा नसतो, एवढं समजून असावं.

लतिका


डहाणू रोड
ता. १३ सप्टेंबर १९५७

चि. सौ. लतिकास,
आशीर्वाद खाली लिहिते, आधी हे वाच आणि तसंच उभ्याने सासूबाईंना वाचून दाखव.

ती लुगडी पांढरीच होती गं! माझ्या हातांनी निवडून घेतलेली. तुझं पत्र वाचलं, धावत कपाट उघडलं आणि तिथलं गाठोडं सोडलं, तर आत तुझ्या पडद्यांचं मांजरपाट जसंच्या तसं, पांढरं शुभ्र.

झालं ते असं. जुनी चादर फाडून मी तिच्या दोन तुकड्यांत दोन गाठोडी बांधली. एकात मांजरपाट, दुसऱ्यात लुगडी. दोन्ही कोपऱ्यात ठेवली आणि तुझ्या भाऊजींना सांगितलं की डावीकडचं नवशीला द्या. पंधरा वर्षांत ज्या माणसाने बोंबलाची एक टोपली चुकीच्या डब्यात चढवली नाही, त्याने आपल्या आईची लुगडी उचलून कोळ्यांच्या हंड्यात पाठवली! त्यांना विचारलं तर म्हणतात की दाराकडे तोंड केलं तर तीच बाजू डावी. इतका मूर्ख माणूस अख्ख्या पश्चिम रेल्वेत दुसरा नसेल. नवशीने एकच बुडी द्यायची होती, पण पार्सलमास्तरांचं काम म्हणून तिने शिडाला देतात तशा चार दिल्या, वर पैसे घेतले नाहीत. गाठोडं परत आलं ते तुझे पडदे समजून मी न सोडता एस. टी.त घातलं. कोळीवाड्यातून आलेलं, सोडलं की आंघोळ करावी लागेल, हा माझा आळस. तेव्हा दोष भाऊजींचा आठ आणे आणि माझा आठ आणे.

सासूबाई, आता तुम्हाला लिहिते. तो रंग मी तुमच्यासाठी मनातसुद्धा आणला नाही, आणणार नाही. नऊ वर्षांत मी तुमच्याशी भांडले असेन, पण तुम्हाला कोपऱ्यात बसवायचा विचार माझ्या डोक्यात कधी आला असेल तर माझी जीभ झडो. तुमचा मुलगा इथे डोकं धरून बसला आहे. जेवा. तुम्ही जेवलात असं कळेपर्यंत मीही जेवणार नाही, आणि मला भूक सोसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र उद्याच्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते.

लतिके, तू मला जे कडक लिहिलंस त्याचं मला फार बरं वाटलं. अनेक आशीर्वाद.

सुनंदा


॥ श्री ॥
तलासरी, ता. २० सप्टेंबर १९५७

चि. सौ. सुनंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नकोस, मीच लिहिते आहे. चौथ्या इयत्तेचं अक्षर आहे, लावून वाच.

शनिवारी सकाळी ड्रायव्हरने तुझं पत्र आणून दिलं. लतिकाने ते दारात उभ्यानेच वाचलं, मोठ्याने, एक अक्षर न गाळता. माझ्या मुलाला मूर्ख म्हटलं आहेस तेही वाचलं. तिथे मला हसू फुटलं, आणि मी हसले हे बघून ती पोरगी जी रडायला लागली ती थांबेचना. मग मी उठून पिठलं टाकलं. तिघांनी पातेलं खरवडून खाल्लं. तूही आता जेवली असशील.

पाच दिवस मी रागाने उपाशी राहिले असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगते, मी भ्याले होते. वाटलं, मुलांची घरं लहान, आलवणातल्या म्हातारीला कोपरा पुरतो, असं तुम्ही ठरवलंत. तुझ्याविषयी मी असं मनात आणू शकले याची मला लाज वाटते. सासूने सुनेची माफी मागायची रीत नाही, पण मी मागते. आणि ऐक, मी जेवत नव्हते तेव्हा लतिकाही जेवत नव्हती. मला दाखवायला ताट वाढून घ्यायची आणि मागच्या दारी मैनेला द्यायची. हे मला मैनेने सांगितलं, बिचारीला वाटलं की मास्तरणीला भूकच लागत नाही.

ही मैना विधवा आहे, पाच वर्षं झाली. गुडघ्यापर्यंत हिरवं लुगडं नेसते, गळ्यात लाल मणी घालते. मी तिला विचारलं की तुला कोणी बोललं नाही का? तिला प्रश्नच कळेना. दोनदा समजावून सांगितला. तेव्हा म्हणाली, दुकानदार देतो, मी पैसे मोजते आणि नेसते, यात बोलायचं कोणी? वर मलाच विचारलं की दांडीवरच्या एवढ्या चांगल्या कापडाला कोणी हात का लावत नाही.

त्यावर मी दोन दिवस विचार केला. मला पांढरं नेस असं कोण म्हणालं होतं? तुझे मामंजी गेले, तेराव्याला सगळे बसले होते आणि कोणीतरी काहीतरी म्हणेल या धास्तीने मीच आधी बोलून टाकलं. कोणी आग्रह केला नाही, कोणी नकोही म्हटलं नाही. ज्या रंगाला मी जन्मभर भ्याले तो होड्यांच्या शिडांचा निघाला, आणि जो मी आपणहून घेतला त्याने मला दोन वर्षं मागच्या खोलीत बसवलं.

मग कात्री मीच घेतली. दोन लुगडी, चार खिडक्या, चुण्या घालून बेताचं झालं. काढ्याचा वास तीनदा धुऊन गेला, थोडा राहिला आहे, तो वाईट नाही. दुपारी ऊन त्यातून येतं तेव्हा लिंपलेल्या भिंतीसुद्धा उबदार दिसतात. लतिका म्हणते की सुरतेच्या गुलाबांना ही सर आली नसती. शाळेतली मुलं मात्र हिरमुसली आहेत. तुझ्याकडचं मांजरपाट आता उधन्याला ने. खिडकीला लावून उरेल त्याचे प्रल्हादाला सदरे शीव आणि आत डावी-उजवी बाजू लिहून ठेव.

पेणच्या कार्डाचं आपल्या मास्तराने, सूर्यकांताने विचारलं, टाकू का म्हणून. त्या कार्डाच्या पाठीवर मी लतिकाला मेतकुटाचं प्रमाण लिहून दिलं आहे.

इथे पहाटे आताच गारवा वाटतो, दिवाळीपर्यंत चांगली थंडी पडेल. माझी दोन जुनी पांढरी विरत आली आहेत. तुझ्याकडे राहिलेल्या माझ्या ट्रंकेत तळाशी जांभळं इरकली लुगडं आहे, तुझ्या मामंजींनी बेळगावहून आणलेलं, दोनदाच नेसलेलं. तेवढं कोणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. नेसवेल की नाही सांगत नाही. आधी दार लोटून पुढच्या खोलीत बसून पाहीन, मग दार उघडीन.

उधन्याला पोचल्याचं लगेच कळव. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो मुक्काम बदलला म्हणून बदलत नाही.

तुझी सासू,
द्वारका

ता. क. तळातलं एक लुगडं काढायला सगळं उपसत बसू नकोस. ट्रंकच पाठव.