आजाचा अंगठा

प्रिय सूरज,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी समदी जिती हायेत.

गाव मात्र पार बिघडलंय. पठारावर अणुभट्टी येणार, असं कळल्यापासनं माणूस माणसाचा वास घेऊन बघतो. भोरहून शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आला, तर सखूबाईनं त्याची पिशवी वाटंवर उपडी केली, मोजणीचं यंत्र हाय का बघायला. धनाजीनं फटफटी आणली, तर भट्टीवाल्यांनी दिली म्हणून चार दिवस त्याच्याशी कुणी बोललं न्हाई. शेवटी बिचाऱ्यानं सारोळ्याहून सासऱ्याला आणून पारावर उभं केलं, ह्यांनी दिली म्हणून. म्या लई हसलो. पण धरणात गावं गेलेली पाव्हणी सांगून गेलीत, पयला कागद गेला की बाकीचे आपोआप जातात.

म्हणून तर देवळात शपथ घेतली, मोजणीला संमती द्यायची न्हाई. सगळ्यात मोठा आवाज तुझ्या वडलांचा, आनंदतात्यांचा. शिमग्याला मोजणीवाले पंचायतीत संमतीचा कागद ठेवून गेले हुते, त्यावर पठाराच्या सात खातेदारांची नावं. मागल्या सभेत तो उघडला. सहा रकाने कोरे, आणि सातव्यात, तुझ्या ज्ञानोबा आजाच्या नावापुढं, निळा अंगठा. आजा जाऊन सहा वर्सं झाली, पण सातबारा तुमी अजून त्याच्याच नावावर ठेवलाय. तवा अंगठा घरातल्याच कुणाचा तरी, हे गावानं तिथंच ठरवलं. रतनबाई म्हणाली, शपथेला घसा फोडला आन् मागनं बोट भिजवलं व्हय रं आनंदा? मला वाटलं, तात्या आता तिला फाडून खातील. तर ते खाली बघत म्हणाले, व्हय, माझाच हाय.

तवापासनं त्यांच्या बांधावर कुणी पाय ठेवत न्हाई. लावणीला आपुन दरसाल मिळून एकमेकांची खाचरं उरकतो. यंदा तुमची वगळली. तुझी आई, कोंडाकाकू, आन् तात्या दोघंच वाकलेत. रोपं पिवळी पडाय लागलीत, आठ दिवसांत न्हाई लावली तर यंदाचा भात गेला समज.

हे तुझ्या कानावर गेलंय आन् तू फोन उचलत न्हाईस, असं काकू म्हणाल्या. तुला वाटत असंल, मी पठाराची जमीन विकू या म्हटलं तर मला शिव्या घातल्या आन् सोता गुपचूप अंगठा दिला. आता बापाला काय वाटतंय ते ऐक. परवा म्या त्यांच्या खाचरात उतरलो आन् इचारलं, खोटं का बोलला तात्या? लई येळ रोपांची मूठ धूत बसले. मग म्हणाले, पोरगं शिमग्याला आलं तवा म्हणत हुतं, भट्टीत नोकरी लागंल. त्याच आठवड्यात कागद आला. हा डाग त्याच्या कपाळी लागण्यापरीस माझ्या लागू दे, त्याला गावात यायला तोंड राह्यलं पायजे.

सूरज, अंगठा तात्यांचा न्हाई, तुझाबी न्हाई, माझा हाय. पंचायतीत कागद दिसला, मेलेल्या माणसाचं नाव वाचून हसू आवरंना. म्हटलं, आजा सरगातनं संमती देतोय, सायबांची चांगली जिरंल. शाईत अंगठा बुडवला, दाबला, आन् विसरून गेलो. सभेत तात्या बोलल्याबरुबर म्या उठून सांगितलं, तर माणसं म्हणाली, बंड्याचं काय खरं धरायचं, आनंदानंच पढवला असंल. तात्यांना खाचरात सांगितलं, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, दोस्तासाठी बोलतोयस, कळतंय मला. जलमात एकदा खरं बोललो, तेवढंच कुणी घेतलं न्हाई. गुरवारी परत सभा हाय. तू बुधवारच्या वेल्ह्याच्या एसटीनं ये. आधी तात्यांच्या पुढ्यात उभा राह्य आन् अंगठा म्या न्हाई लावला म्हण. ते तुला जलमभर इचारणार न्हाईत. मग हे पत्र सभेत त्या कागदाशेजारी ठेव. खाली निळ्या शाईत अंगठा उठवलाय, मधनं इळ्याचा आडवा वण गेलाय बघ, तसा गावात दुसऱ्या कुणाचा न्हाई. रतनबाईलाच जुळवू दे. मला काय मार बसायचा तो बसंल, पण शुक्रवारी तुमच्या खाचरात माणसं दिसली पायजेत.

तुझाच, लिहिता येत असून अंगठा लावणारा,
बंडू