टाचण्या सांडल्या तो तास

ती. आईस, भटक्याचा नमस्कार.

मी वेळेवर जेवतो. ताईचा खोकला गेला का? बाबांना सांग, या वेळी काम अर्ध्यात सोडणार नाही.

आज माझा सराव पाठ झाला, चुंबकावर. (मी रेडिओ फोडून चुंबक काढलेलं आठवतं ना?) एकामागून एक शिकाऊ शिक्षकांना हाच वर्ग, हाच पाठ देतात, त्यामुळे पोरांना सगळं तोंडपाठ. "आता सर टाचण्या सांडणार," पोरं म्हणाली, आणि सांडल्या की! "आता घाम पुसणार." माझा हात कपाळावरच होता. कुणी हसेना.

पुढच्या बाकावरची पोरगी हळूच म्हणाली, "सर, तुम्हीपण मधल्या सुट्टीत पळणार ना? सगळे पळतात."

"छे गं!" म्हटलं, तर पिशवी माझ्या खांद्यावर. कधी अडकवली, देवाशपथ आठवत नाही.

ती खुंटीला लावली. सुट्टीनंतर वर्गात गेलो तर पोरं चिडीचूप. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अजून इथेच असलेला,
तुझा धाकटा